आक्का, तुझ्या ओट्यावरून वहाणा घालून

आक्का, तुझा तेरावा होऊन आठवडा झाला नाही आणि मी तुझ्याशी भांडायला बसलोय. दुसरं करू तरी काय? सकाळी दुकानाच्या फळ्या काढल्या की पहिलं भांडण तुझ्याशी, मग चहा, मग शिलाई, असा माझा इतक्या वर्षांचा नेम. आता फळ्या काढतो, मशीनवरचं फडकं झटकतो आणि शेजारी बघतो तर तुझ्या गल्ल्यावर तुझा पुतण्या दत्तू बसलेला. मला बघितलं की हात जोडतो. हात जोडणाऱ्या माणसाशी भांडायचं कसं, ते मला येत नाही.

तेराव्याला पुष्कळ माणसं आली होती. तू कुंभिवलीची लेक, कर्जतात कोणाच्या घरात पडलीस, नवरा गेल्यावर किराणा दुकान एकटीनं कसं चालवलंस, सगळं एकमेकांना सांगत होती. ते त्यांनी सांगावं. एक जण म्हणाला, आक्का म्हणजे शांतीची मूर्ती. मला ठसकाच लागला. कसली शांती! तुझा आवाज चढला की माझी गिऱ्हाइकं माप अर्धवट टाकून पळायची. मेलेल्या माणसाला लोक घासूनपुसून गुळगुळीत करून टाकतात. तुझं तसं मी होऊ देणार नाही.

आज कोणी नवा माणूस कर्जतच्या पेठेत आला तर त्याला वाटेल, ही ओट्यांवरची वाट इथे पहिल्यापासूनच आहे. स्टेशनाकडून यायचं, शेटजींच्या कापडदुकानाशी पायरी चढायची आणि दुकानांच्या ओट्यांवरून, पुढे आलेल्या कौलांच्या सावलीतून, थेट मारुतीच्या देवळापर्यंत चालत जायचं. खाली रस्त्यात बैल असोत, लॉऱ्या असोत, चिखल असो, आपल्याला काय त्याचं? त्या नव्या माणसाला कोण सांगणार की ही वाट एका तोंडाळ बाईनं बांधली आणि तिच्यापायी अख्ख्या पेठेशी वैर घेतलं.

दुसऱ्या लढाईच्या दिवसांत आपल्या पेठेतला एकेक ओटा म्हणजे एकेक संस्थान होतं. शेटजींचा ओटा छातीएवढा उंच. उल्हास नदीचं पाणी पेठेत शिरलं तरी कापडाला लागू नये म्हणून, असं ते सांगायचे. खालच्यानं मान वर करून बोलावं म्हणून, असं तू सांगायचीस. तुझा ओटा गुडघ्याएवढा. माझा तर काय, दोन विटा चढल्या की आलं दुकान. मध्ये कुठे गटार, कुठे फट, कुठे कोणाचा माठ. सकाळी ज्यानं त्यानं आपला ओटा सारवायचा किंवा धुवायचा, रांगोळी घालायची, हळदकुंकू वाहायचं. ओटा म्हणजे दुकानाची लक्ष्मी. त्यावर वहाण घालून चढायचं नाही, घ्यायचं नसेल तर उगाच बसायचं नाही. आणि काही माणसांनी तर ओट्याला हातसुद्धा लावायचा नाही, हे कोणी बोलत नव्हतं, पण सगळी पेठ पाळत होती.

मग माणसांनी चालायचं कुठून? रस्त्यातून. त्या रस्त्याच्या दोन्ही कडांना बाजारच्या बैलगाड्या सोडलेल्या, जू जमिनीला टेकवून. उरलेल्या बोळातून गवताच्या गाड्या, कोळशाच्या लॉऱ्या, पलटणीच्या लॉऱ्या. डोक्यावर भारे घेतलेल्या बाया, कडेवर पोरं, म्हातारी माणसं, सगळी त्याच बोळातून. आम्ही दुकानदार वर बसून ओरडायचो, अरे बाजूला व्हा, बाजूला व्हा. बाजू होती कुठे? ती सगळी आमच्या बुडाखाली होती. हे वाक्य तुझं आहे, मी माझं म्हणून खपवत नाही.

साकूचं तुला आणि मलाच जास्त माहीत. डोंगराखालच्या कोंडाणे गावची साकू, सरपणाची मोळी घेऊन यायची ती. त्या बाजारच्या दिवशी मी माझ्या ओट्यावर मशीन मारत होतो. मागून लॉरी आली. साकूच्या एका अंगाला गाडीचं जू, दुसऱ्या अंगाला शेटजींचा तो छातीएवढा ओटा. ती ओट्याला जितकं चिकटता येईल तितकं चिकटली. चढणार कशी, डोक्यावर मोळी. चाक तिच्या पायावरून गेलं. मोळी पडली नाही, आक्का. दोन्ही हातांनी मोळी धरून ती तशीच उभी होती आणि खाली आपल्या पायाकडे बघत होती. मला ते अजून दिसतं.

तू गल्ल्यावरून कधी उठलीस, मला कळलंही नाही. तू आधी तिच्या डोक्यावरची मोळी उतरवलीस. मग तिला धरून तुझ्या ओट्याशी आणलंस आणि म्हणालीस, बस. तर ती बसेना. पायाचा चेंदामेंदा झालेला, ओठ पांढरे पडलेले, आणि ती म्हणते, "नको आक्का, तुमचा ओटा खराब व्हईल. रगत लागंल."

मी तेव्हा तुझ्या तोंडाकडे बघितलं. तू तिला खांद्याला धरून खाली दाबलंस, बसवलंस, रांगोळीवरच. नंतर तिला डॉक्टरकडे नेलं, पाय वाचला, पण वाकडा राहिला. काठीशिवाय ती आता चालत नाही. तुझ्या ओट्याच्या फरशीवर डाग बरेच दिवस होता. तू घासू दिला नाहीस.

दुसऱ्या दिवसापासून आपलं भांडण सुरू झालं, ते तू जाईपर्यंत. माझं म्हणणं सरळ होतं. चूक लॉरीची आहे, ओट्याची नाही. मामलेदाराकडे अर्ज करायचा, बाजारच्या दिवशी लॉऱ्या पेठेबाहेरून न्याव्यात, गाड्या नदीकाठच्या मोकळ्या जागेत सोडाव्यात. मी अर्ज लिहून घेतला, सगळ्यांच्या सह्या आणल्या. तू सही केलीस आणि हसलीस. म्हणालीस, "कर रं गोविंदा, अर्ज कर. लॉरीला अक्कल शिकवायला सरकार हाय. पन तवर मान्सं कुठनं चालतील, त्ये सांग."

मी म्हटलं, तू सांग. तर तुझ्याकडे तयारच होतं. सगळे ओटे एका पातळीला आणायचे, मधल्या फटींवर फरश्या टाकायच्या, गटारं झाकायची, ओट्यांवरचं सामान आत घ्यायचं. लॉरी जाऊ दे कुठूनही, माणूस वरून चालेल. मी तुला वेड्यात काढलं. पेठेत चार दुकानदार एका दराने मीठ विकत नाहीत, ते ओटे जोडतील?

तू पदर खोचलास आणि आधी आपलाच ओटा फोडलास. पळसदरीच्या बाजूकडून गाडीभर फरशी आणवलीस. देवळाकडचे दुकानदार तसे गरीब, त्यांना तू तुझ्या आवाजानंच गार केलंस. शेटजी मात्र ऐकेनात. त्यांनी एकदा सगळ्यांसमोर तुला विचारलं, उद्या या वाटेवरून कोणीही चढेल, चालेल का तुम्हाला? त्यांना काय म्हणायचंय ते सगळ्यांना कळलं. सगळे आपापल्या पायांकडे बघायला लागले.

तू म्हणालीस, "कोनीबी चढंल. त्याच्याचसाठी बांधते."

मला भीती वाटली, तुझ्या दुकानावर लोक बहिष्कार घालतील. दोघाचौघांनी घातलाही. तू त्यांची नावं घेऊन रोज विचारायचीस, मीठ संपलं का रे? महिन्याभरात आले परत. आणि शेटजींना तू त्यांच्या आईकडून पाडलंस. ती म्हातारी रोज मारुतीला जायची, गाड्यांच्या चाकांमधून वाट काढत. तू तिला एकदा हाताला धरून तयार झालेल्या तुकड्यावरून नेलंस, सावलीसावलीनं, एकही ठेच न लागता. म्हातारीनं घरी जाऊन, ओटा खाली येईपर्यंत म्हणून, जेवण सोडलं म्हणे. शेटजींनी तो छातीएवढा ओटा पुढून फोडला आणि खाली आणला. घण पडत होते तेव्हा तू दारात उभी राहून जिलेबी खात होतीस. मला नाही दिलीस.

मग माझी पाळी आली. आणि इथे मी अजूनही म्हणतो, आक्का, तू माझ्यावर अन्याय केलास. शिंप्याचा ओटा म्हणजे नुसता ओटा नसतो, तो त्याचा दिवा असतो. माझ्या दुकानात आत अंधार. काळ्या कापडावर काळा दोरा घालायचा तर मला ओट्यावर, उजेडातच बसायला हवं. माझं मशीन वाटेच्या मधोमध. तू म्हणालीस, आत घे. मी म्हटलं, आत घेतलं तर गळ्याची बाही होईल आणि बाहीचा गळा. तू म्हणालीस, आताबी तसंच हुतंय. आठवडाभर आपण बोललो नाही. मी बोललो नाही म्हणजे खरोखरच नाही, तू मात्र भिंतीपलीकडून मला ऐकू येईल असं सगळं बोलत होतीस. बायकोनंही तुझीच बाजू घेतली.

तू काय केलंस? पनवेलहून काचेचं कौल आणवलंस. एक कौल काढून तिथे ते बसवलं, आणि माझ्या अंधाऱ्या दुकानात उजेडाचा एक चौकोन पडला. मशीन आत गेलं. वाट मोकळी झाली. सगळी पेठ तुझं कौतुक करायला लागली. पण उन्हाचा तो चौकोन एका जागी थांबतो का? सकाळी तो कपाटापाशी असतो, दुपारी दाराशी येतो, उन्हं कलल्यावर भिंतीवर चढतो. मी मशीन घेऊन त्याच्यामागे दिवसभर दुकानात फिरतोय. गिऱ्हाईक विचारतं, मास्तर, काल तर तिकडे बसला होता. मी तुला किती वेळा सांगितलं, आणखी एक काचेचं कौल हवं. तुझं एकच, एक पुरं हाय, तू जरा हलत जा, बसून बसून पोट सुटलंय. हे भांडण तू जायच्या आदल्या दिवशीपर्यंत चाललं होतं, आणि त्यात बरोबर मी आहे.

वाट पुरी झाली त्या बाजारच्या दिवसाची गंमत आठवते? तू सकाळपासून नवं लुगडं नेसून दारात. मीही इस्त्रीचा सदरा घातला होता. स्टेशनाकडून माणसं आली. शेटजींच्या पायरीशी थांबली. वर बघितलं, तर सगळे ओटे एका ओळीत, धुतलेले, रांगोळ्या घातलेल्या, कारण तूच सगळ्यांना तसं करायला सांगितलं होतंस, छान दिसावं म्हणून. माणसं खालून बघत राहिली आणि रस्त्यातून पुढे गेली. बायका म्हणाल्या, घ्यायचं काय नाय, मग ओट्यावर कशाला चढायचं?

थोडी धीट होती ती चढली. पण वहाणा खाली काढून ठेवून. ओट्यावर वहाणा घालून कसं चढायचं? शेटजींच्या पायरीशी वहाणांचा हा ढीग. अनवाणी माणसं हात जोडत, दबकत, देवळात फिरावं तशी सगळ्या वाटेवरून गेली, मारुतीपाशी उतरली, आणि मग त्यांना आठवण झाली की वहाणा पेठेच्या त्या टोकाला. झालं! सगळी रस्त्यातून परत. जाणारी माणसं रस्त्यात होतीच, आता वहाणा आणायला उलट येणारीही रस्त्यातच. गाडीवान शिव्या देतायत, दोघांच्या वहाणांची अदलाबदल होऊन मारामारी लागलेली. मी इतका हसलो की मशीनवर डोकं आपटलं. मी म्हटलं, आक्का, तू तर रस्त्यात दुप्पट माणसं आणलीस. माझा अर्ज काय वाईट होता?

तुला हसू आलं नाही. तू आत गेलीस. मला वाटलं, लागलं तिला. आणि तू बाहेर आलीस ती नवऱ्याच्या वहाणा पायात घालून. त्या जाडजूड, खाली नाल मारलेल्या, तो गेल्यापासून माळ्यावर पडलेल्या. विधवा बाई, नवऱ्याच्या वहाणा घालून, आपल्याच दुकानाच्या लक्ष्मीवर! पेठेतल्या बायकांनी तोंडाला पदर लावले. आणि तू चाललीस. खाट, खाट, खाट. तुझ्या ओट्यावरच्या रांगोळीवरून, माझ्या ओट्यावरून, पार शेटजींच्या ओट्यावरून पायरीपर्यंत. पायरीशी साकू उभी होती, काठी घेऊन, रस्त्यातून जावं की वरून याचा विचार करत.

शेटजी धावत आले, आक्का, लक्ष्मी आहे ती, म्हणाले. तू थांबलीस. रागावली नव्हतीस. अगदी सरळ आवाजात म्हणालीस, "शेटजी, दुकानात लक्ष्मी येते ती मान्साच्या पायानं येते. पायात वहान हाय का नाय, त्ये ती बघत नाय." मग साकूकडे वळलीस. "तुला काय निमंत्रन देऊ? चढ गं."

साकू चढली. मग एक चढला, मग दुसरा, वहाणा घालून. ज्यांच्या पायात कधी वहाणच नव्हती ते मळक्या पायांनी. ज्यांना ओट्याला हात लावू दिला नव्हता तेही चढले, जरा थांबत, तुझ्याकडे बघत. तू कोणाकडेच बघत नव्हतीस, मुद्दाम. मी ते बघितलं.

पण सवय कुठे एका दिवसात मोडते? त्यानंतर कितीतरी महिने कोणी पायरीशी वाकलं की तुझा आवाज यायचा, घाला, घाला, वहाणा घाला! भाजीवाले तुझी नक्कल करायचे. गाडीवान बैलांना म्हणायचे, घाला, घाला. शेवटी पेठेतली माणसं तुझ्या धाकानं वाकायची बंद झाली. मग तू वाटेवर पाण्याचा रांजण ठेवलास. देवळाच्या टोकाला तो उंच दगडी कट्टा बांधलास, डोक्यावरचा भारा कोणाचा हात न लागता टेकवता यावा म्हणून. तो कट्टा साकूनं सुचवला होता आणि तू सगळ्यांना तसंच सांगायचीस. बाया तिथे भारा टेकवून चार घटका बोलत बसतात आता. शेटजींचा धंदा वाढला. सावलीत चालणारा माणूस थांबतो, थांबलेला माणूस कापडाला हात लावून बघतो. शेटजी आता म्हणतात, वाटेची कल्पना मूळ त्यांच्या आईची.

एक गोष्ट तुला सांगायची राहिली, आक्का. त्या दिवसानंतर तू रोज सकाळी त्याच वहाणा घालून सगळ्या वाटेवरून एक फेरी मारायचीस, कुठली फरशी हलते का ते बघायला. खाट, खाट. मी तुला म्हणायचो, तुझ्या त्या आवाजानं माझा दोरा तुटतो. नाही तुटायचा. तो आवाज येईपर्यंत मी मशीनला पाय लावायचो नाही. पेठ जागी आहे, सगळं जागच्या जागी आहे, असं वाटायचं मला त्यानं. आता हे तुला तोंडावर सांगितलं असतं तर तू मला जन्मभर ऐकवलं असतंस, म्हणून नाही सांगितलं. पण सांगायला हवं होतं असं आता वाटतं, रोज सकाळी वाटतं.

तुला नेलं तेव्हा मी म्हटलं होतं, वाटेवरूनच नेऊ. खांदा देणारे चौघे तिथे शेजारी मावेनात, म्हणून रस्त्यातून न्यावं लागलं. गाडीवानांनी न सांगता गाड्या बाजूला घेतल्या. आणि सगळी पेठ ओट्यांवर उभी होती, स्टेशनापासून देवळापर्यंत, सावलीत, एका पातळीवर. कोणालाही तुझ्यासाठी बाजूला व्हायला गटारात उतरावं लागलं नाही. मी रडलो, आक्का. रस्त्याच्या मधोमध, लहान मुलासारखा रडलो.

आता खरं भांडण सांगतो, ज्याच्यासाठी हे लिहायला बसलो.

तेराव्यानंतर दत्तूनं दुकान उघडलं. पोरगं चांगलं आहे, तुझ्यावर जीव होता त्याचा. त्यानं तुझ्या ओट्याच्या मधोमध, तू उभी राहून ओरडायचीस तिथे, पाट मांडला. पाटावर तुझ्या त्या वहाणा ठेवल्या, हळदकुंकू लावलं, झेंडूची माळ घातली, शेजारी समई. लोकांना गहिवरून आलं. येणारा-जाणारा थांबायला लागला, नमस्कार करायला लागला. आणि नमस्कार करायचा म्हणून, आक्का, माणसं तुझ्या ओट्याच्या अलीकडे वहाणा काढायला लागली. दोन्ही बाजूंना ढीग. मध्ये समई, तिला कोणाचा पदर लागू नये म्हणून दत्तूनं चार खुंट्या मारून सुतळी बांधली. आता तिथे लाकडी कठडा करायचं ठरत होतं. शेटजी त्याचे पैसे देणार होते, बघ, तुझ्या वाटेवर कठडा घालायला त्यांना अजून हुरूप आहे.

मी दोन दिवस गप्प बसलो. भक्तीपुढे काय बोलायचं? मी स्वतःही वाकून नमस्कार केला. पण कालच्या बाजारच्या दिवशी डोक्यावर टोपल्या घेतलेल्या बाया तुझ्या ओट्याशी आल्या आणि त्यांना पुढे जाता येईना. एक एक करून त्या रस्त्यात उतरल्या, तुझं दुकान ओलांडलं, आणि माझ्या ओट्यावर पुन्हा चढल्या. तुझ्याच दुकानापुढे वाट तुटली होती. मग साकू आली. तिला उतरताना त्रास होतो, तुला माहीत आहे. खाली कोळशाच्या लॉरीनं भोंगा दिला. साकूनं एक पाय खाली टाकला, परत वर घेतला आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "गोविंदभाव, आता मी कुठनं जाऊ?"

माझ्या डोक्यात राख गेली. मशीन सोडून उठलो, उजेडाचा चौकोन तसाच टाकून. सुतळी तोडली. दत्तू पुढे आला, काका, आक्कांची जागा आहे ती, म्हणाला. त्याचे डोळे भरले होते. मी त्याला म्हटलं, "अरे, आक्कानं ही जागा मोकळी केली. तू तिलाच तिथे आडवी घालतोस?"

समई त्यानंच उचलली आणि आत भिंतीतल्या कोनाड्यात नेऊन ठेवली, जिथे वाऱ्यानं विझणारही नाही. पाट आत गेला. वहाणा राहिल्या. मी त्यांच्यावरचं कुंकू पुसलं, माझ्या वहाणा काढल्या आणि त्या पायात घातल्या. सगळी पेठ बघत होती. एक म्हातारा हळूच म्हणाला, आक्का रागावेल रे. मी म्हटलं, ती रागावलेलीच आहे, म्हणून तर घालतोय.

आणि चाललो. तुझ्या ओट्यावरून, देवळापर्यंत आणि परत, शेटजींच्या पायरीपर्यंत. खाट, खाट. ओरडत चाललो, घाला, घाला, वहाणा घाला. माझा आवाज तुझ्यासारखा लागत नाही, फाटतो. पण मागून काठीचा आवाज येत होता. साकू येत होती. तिच्यामागे टोपल्यावाल्या बाया, आणि वाकून आपापल्या वहाणा शोधणारी माणसं. दोघांच्या वहाणांची अदलाबदल झाली आणि पुन्हा भांडण लागलं. मला फार बरं वाटलं.

आता इथून पुढचं मी बघतो, तू काळजी करू नकोस. स्वराज्य आलंय, मामलेदार नवा आहे, मी अर्ज पुन्हा केलाय. माणसांना वाट तू दिलीस, लॉरीला अक्कल मी शिकवीन. काचेचं दुसरं कौल मात्र मी बसवणार नाही. ते तू बसवायला हवं होतंस. मी आपला हलत राहीन, पोट कमी होईल.

आज सकाळी फेरी मारली. मारुतीच्या अलीकडची एक फरशी डुगडुगते आहे, दत्तूला सांगितलंय. तुझ्या वहाणा मला मोठ्या होतात, टाचेत कापड कोंबून घातल्या. उजव्या वहाणेची नाल झिजली आहे, त्यामुळे आवाज एका पायाचाच नीट येतो. येतो का गं तुला ऐकू? उद्या नवी नाल मारून घेतो.